बियांची तेले आणि औषधांना न जुमानणारे जीवाणू

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात एक प्रकल्प हमखास असतो. काचेच्या बशीत जीवाणू वाढवलेले असतात, त्यांवर टिपकागदाच्या लहान चकत्या ठेवलेल्या असतात आणि एखाद्या चकतीभोवती जीवाणू न वाढल्यामुळे स्वच्छ वर्तुळ दिसते. मागच्या तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, 'ओव्याचे तेल प्रतिजैविकापेक्षा प्रभावी!' वर्तमानपत्रांतही अधूनमधून अशाच बातम्या येतात. कधी कलौंजी, कधी धने, कधी कडुनिंब. अमुक बियांच्या तेलाने कोणत्याच औषधाला न जुमानणारे जंतू मेले, असा त्यांचा मथळा असतो.

अशा प्रकल्पांची चेष्टा करण्याचे काही कारण नाही. बशीतले वर्तुळ खरे असते, आणि ते मिळवण्यासाठी विद्यार्थ्यांनी पुष्कळ खटपट केलेली असते. प्रश्न आहे तो वर्तुळापासून तक्त्यावरच्या वाक्यापर्यंत मारलेल्या उडीचा. ती उडी केवढी आहे, हे विद्यार्थ्याला सांगायचे काम शिक्षकाकडे येते. 'मग आजीचा ओवा खरा की खोटा?' असे एखादी मुलगी विचारते तेव्हा 'खरा' आणि 'खोटा' ही दोन्ही उत्तरे अपुरी पडतात. म्हणून हा विषय जरा मुळापासून पाहू.

तेल म्हणजे नेमके कोणते?

'बियांचे तेल' या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू येतात. तीळ, करडई, करंज, कडुनिंब यांच्या बिया घाण्यात पिळल्या की जे निघते ते स्थिर तेल. ते मुख्यतः ग्लिसरॉल आणि लांब साखळीची मेदाम्ले यांचे बनलेले असते. बीजातल्या अंकुराची ती शिदोरी असते. ओवा, बडीशेप, धने, जिरे यांचा वास मात्र ज्यामुळे येतो ते बाष्पनशील तेल. ते पिळून नव्हे, तर वाफेच्या साहाय्याने ऊर्ध्वपातन करून काढतात. त्याचे रेणू लहान असतात आणि हवेत सहज उडून जातात. कीड आणि बुरशी यांना दूर ठेवणे हे झाडाच्या दृष्टीने त्यांचे एक काम असते.

फरक पाहायला प्रयोगशाळासुद्धा लागत नाही. कागदावर तिळाच्या तेलाचा एक थेंब आणि शेजारी बाष्पनशील तेलाचा एक थेंब टाकून कागद उन्हात ठेवावा. पहिला डाग तसाच पारदर्शक राहतो, दुसरा काही वेळाने नाहीसा होतो. प्रकल्पाच्या वहीत नुसते 'तेल' असे लिहिलेले दिसले, तर पहिला प्रश्न विचारावा, पिळलेले की उडणारे? कलौंजीसारख्या बीत दोन्ही असतात. तिथे तर तेल कसे काढले हे कळल्याशिवाय निकालाला अर्थच राहत नाही.

औषधे का हरतात?

आता जीवाणूंकडे वळू. पेनिसिलिन जीवाणूची भिंत बांधणाऱ्या एन्झाइमला जाऊन चिकटते. भिंत अपुरी राहते आणि वाढता जीवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंत नाही, म्हणून पेनिसिलिन आपल्याला सहसा इजा करत नाही. ही निवडक मारकशक्ती हाच प्रतिजैविकाचा खरा गुण. नुसते मारणे अवघड नाही, ते उकळते पाणीही करते.

या नेमकेपणाची किंमतही मोजावी लागते. बाण एकाच जागी लागणार असेल, तर जीवाणूला तेवढी एक जागा सांभाळली की पुरते. पेनिसिलिन रुग्णांना द्यायला १९४१ साली सुरुवात झाली. त्याच्या आदल्याच वर्षी अब्राहम आणि चेन यांनी पेनिसिलिन मोडून टाकणारे एन्झाइम जीवाणूत सापडल्याचे कळवले होते. हा झाला पहिला उपाय, बाणच मोडणे. दुसरा उपाय लक्ष्य बदलण्याचा. मेथिसिलिन हे मोडता न येणारे भावंड वापरात आल्यावर थोड्याच काळात, १९६१ साली, त्याला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस इंग्लंडात सापडला. त्याच्याकडे भिंत बांधणारे एक निराळेच एन्झाइम होते, आणि मेथिसिलिन त्याला नीट चिकटत नव्हते. तिसरा उपाय तर घरगुती म्हणावा असा आहे. होडीत शिरलेले पाणी उपसावे तसे पेशीत शिरलेले औषध पंपाने बाहेर फेकायचे. जीवाणूंच्या पटलात बसवलेले असे प्रथिनांचे पंप असतात. त्यांतला एक, नॉरए नावाचा, पुढे पुन्हा भेटणार आहे.

या तिन्ही युक्त्यांची जनुके एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. २०१९ या एका वर्षात औषधरोधी जीवाणूंच्या थेट परिणामामुळे जगभर सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला. नवी औषधे शोधायला माणसे बियांकडे वळतात ती केवळ परंपरेच्या प्रेमापोटी नव्हे, हे लक्षात ठेवावे.

ओव्याचे फूल

ओव्याच्या बाष्पनशील तेलात थायमॉल हा मुख्य घटक असतो. तेल थंड केले की त्याचे पांढरे खडे वेगळे होतात. बाजारात 'ओव्याचे फूल' म्हणून मिळते ते हेच. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातून ओवा जहाजाने जर्मनीला जाई आणि तिथे त्यातून थायमॉल काढले जाई. रसायनशास्त्राच्या दृष्टीने थायमॉल हा फिनॉलचाच नातलग आहे. जोसेफ लिस्टरने जखमा धुण्यासाठी जे कार्बॉलिक आम्ल वापरायला सुरुवात केली आणि १८६७ साली ज्याविषयी लिहिले, ते म्हणजे फिनॉल. त्याच्या बेंझीन वलयाला दोन कार्बनी फांद्या जोडल्या की थायमॉल होते. या फांद्यांमुळे त्याला पाणी आवडेनासे होते आणि मेद आवडू लागतो. लिटरभर पाण्यात जेमतेम एक ग्रॅम थायमॉल विरघळते.

मेदाची ही आवडच जीवाणूच्या मुळावर येते. जीवाणूच्या पेशीभोवती मेदरेणूंचे दुपदरी पटल असते. थायमॉलचे रेणू पाण्यातून निसटून या पटलात घुसतात. पटल सैल पडते, आतले पोटॅशियम बाहेर झिरपू लागते, पटलाच्या दोन बाजूंमधला विद्युतभार टिकत नाही आणि त्याच्या बळावर चालणारी ऊर्जानिर्मिती बंद पडते. आता वरच्या तीन युक्त्या आठवा. पेनिसिलिन मोडणारे एन्झाइम इथे निरुपयोगी आहे. भिंत बांधणारे एन्झाइम बदलूनही काही साधत नाही, कारण हल्ला भिंतीवर नाहीच. म्हणून मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस आणि त्याचा साधा भाऊ हे दोघेही थायमॉलला बऱ्याचदा सारखेच बळी पडतात. 'औषधरोधी जंतू तेलाने मेले' या बातमीत आश्चर्य वाटण्यासारखे फारसे काही नाही, ते यामुळे. कुलूप बदलले म्हणून छत काढणाऱ्याचे काय बिघडते?

पण पटल तर आपल्याही पेशींना असते! अडचण इथेच सुरू होते. जो गुण तेलाला औषधरोधी जीवाणूवर विजय मिळवून देतो, त्याच गुणामुळे ते आपल्या शरीरात सोडणे धोक्याचे होते.

थोडा हिशेब करू. जीवाणूची वाढ थांबवणाऱ्या सर्वांत कमी मात्रेला किमान रोधक मात्रा म्हणतात. स्टॅफिलोकॉकससाठी थायमॉलची ही मात्रा मिलिलिटरमागे साधारण दीडदोनशे मायक्रोग्रॅम आणि काही प्रयोगांत त्याहून जास्त भरते. औषधाला दाद देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसला पेनिसिलिन मिलिलिटरमागे एका मायक्रोग्रॅमहूनही पुष्कळ कमी पुरते. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. मिलिलिटरमागे २०० मायक्रोग्रॅम धरले, तर नुसत्या रक्तात एक ग्रॅम थायमॉल सतत हजर ठेवावे लागेल. स्नायू, चरबी, यकृत यांत जाणारे वेगळेच. एवढे थायमॉल रक्तात गेले तर काय होते, याचा अनुभव वैद्यकाला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी आतड्यातल्या अंकुशकृमींवर थायमॉल ग्रॅमच्या मात्रेत दिले जाई. अमेरिकेच्या दक्षिण भागात १९०९ ते १९१४ या काळात झालेल्या मोठ्या मोहिमेत तेच औषध होते. ते घेताना तेल, तूप, दारू यांना स्पर्श करू नका अशी सक्त ताकीद असे. कारण या पदार्थांत थायमॉल विरघळते आणि आतड्यातच राहायचे ते रक्तात उतरते. औषध कृमींसाठी होते, रक्तात गेले की ते रुग्णासाठी विष होई.

म्हणूनच थायमॉलची जागा आजही मुख्यतः शरीराच्या दाराशीच आहे. गुळण्यांच्या औषधात आणि दातांच्या उपचारांत ते वापरतात. आजीचा चिमूटभर ओवा पोटातल्या वायूवर आराम देतो तो देवो बापडा, पण न्यूमोनियाच्या जीवाणूशी त्याचा सामना लावून देऊ नये.

दुसरा एक समज इथेच खोडून काढायला हवा. 'तेले अनेक बाजूंनी हल्ला करतात, म्हणून त्यांच्याविरुद्ध प्रतिरोध येतच नाही' असे छापलेले दिसते. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जखमांत आढळणारा जीवाणू बहुतेक बाष्पनशील तेलांना मुळातच फारशी भीक घालत नाही. त्याच्या बाहेरच्या आवरणातून तेलकट रेणू सहज आत जात नाहीत, आणि जे जातात ते पंप बाहेर काढतात. साबणात घातले जाणारे ट्रायक्लोसन हेही फिनॉलच्या जातीचे. तेसुद्धा केवळ पटल बिघडवते असे समजले जाई. १९९८ साली बोस्टनमधील संशोधकांनी दाखवून दिले, की ते मेदाम्ले बनवणाऱ्या एका एन्झाइमवर नेम धरते आणि त्या एन्झाइमच्या जनुकात बदल झाला की जीवाणू त्याला दाद देत नाही.

स्थिर तेलांबद्दल लोक निर्धास्त असतात, तेही बरोबर नाही. कडुनिंबाच्या बियांचे तेल त्वचेवर लावणे वेगळे आणि तान्ह्या बाळाला पाजणे वेगळे. किरकोळ दुखण्यासाठी हे तेल पाजलेल्या बालकांना काही तासांतच उलट्या, गुंगी आणि झटके सुरू झाले, अशी नोंद मलेशियातील डॉक्टरांनी १९८१ साली प्रसिद्ध केली. यकृत आणि मेंदू या दोहोंवर परिणाम झाला होता. ही गोष्ट पालकसभेत जरूर सांगावी.

कडू कवठाचा लांबचा प्रवास

मग एखाद्या बीचे तेल खरोखरच जीवाणूजन्य रोगावरचे औषध म्हणून, डॉक्टरांच्या हाती, वर्षानुवर्षे वापरले गेले आहे का? गेले आहे. आणि ते झाड आपल्याच सह्याद्रीत आहे.

कोकण-गोव्यापासून केरळापर्यंतच्या सदाहरित जंगलांत, बहुधा ओढ्याकाठी, कडू कवठ नावाचे झाड उभे असते. खायच्या कवठाशी त्याचे नाते नाही. फळ तसे गोल आणि कठीण कवचाचे, म्हणून हे नाव. याच्या फळांनी ओढ्यातले मासे गुंगवून पकडण्याची रीत होती. बियांचे तेल घट्टसर असते. सुश्रुतसंहितेत 'तुवरक' या नावाने कुष्ठावर हे तेल सांगितले आहे आणि झाड पश्चिम समुद्राच्या काठी वाढते असेही म्हटले आहे. प्राचीन ग्रंथातील 'कुष्ठ' म्हणजे आजचा कुष्ठरोगच असे नव्हे. त्या शब्दात त्वचेचे अनेक विकार येत.

याचाच बंगाल-ब्रह्मदेशाकडचा भाऊबंद म्हणजे चौलमुग्रा. १८५४ साली बंगालमधील डॉक्टर फ्रेडरिक मौअट यांनी त्याच्या तेलाविषयी लिहिले आणि पाश्चात्य वैद्यकात त्याचा प्रवेश झाला. पुढे जवळजवळ अर्धशतक एक विलक्षण घोटाळा चालू राहिला. चौलमुग्रा म्हणून वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत भलत्याच झाडाचे, गायनोकार्डियाचे, नाव नोंदले गेले होते. कलकत्त्याच्या बाजारातले बी त्या झाडाचे नव्हेच, हे डेव्हिड प्रेन यांनी १९०१ साली दाखवले. पुढे रासायनिक तपासणीत गायनोकार्डियाच्या तेलात चौलमुग्राचे विशिष्ट आम्ल मुळीच आढळले नाही! 'बियांचे तेल गुणकारी आहे' असे म्हणताना बी कोणते, हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे हे यावरून दिसेल.

ते विशिष्ट आम्ल लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत फ्रेडरिक पॉवर यांनी १९०४ साली वेगळे केले. चौलमुग्रिक आम्ल आणि त्याचे धाकटे भावंड हिड्नोकार्पिक आम्ल ही मेदाम्लेच आहेत, पण साखळीच्या टोकाला पाच कार्बनांचे वलय असलेली. असले वलय रोजच्या खाद्यतेलांत नसते.

तेल हाती होते, पण ते द्यायचे कसे? पोटात घेतले की इतकी मळमळ होई की रुग्ण काही दिवसांतच नको म्हणत. सुईने टोचले तर ते घट्ट तेल त्वचेखाली गोळा होऊन राही, दुखे आणि गळवे येत. ही गाठ हवाईमध्ये अ‍ॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने सोडवली. हवाईच्या महाविद्यालयातून एम.एस. पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री आणि पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. वर्ष होते १९१५. तेलातली आम्ले ग्लिसरॉलपासून सोडवून तिने त्यांचे इथिल एस्टर बनवले. ते पातळ असल्यामुळे टोचता येत आणि अंगात शोषले जात. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना एस्टरीकरणाचे उदाहरण द्यायचे तर फळांच्या वासाबरोबर हेही द्यावे. १९१६ च्या शेवटच्या दिवशी, अवघ्या चोविसाव्या वर्षी, बॉल वारली. तिचे काम महाविद्यालयाच्या अध्यक्षांनी पुढे नेले आणि तिचा उल्लेख न करता प्रसिद्ध केले. ज्या डॉक्टरांनी तिला हा प्रश्न सोपवला होता, त्या हॅरी हॉलमन यांनी १९२२ साली या कृतीला 'बॉलची पद्धत' असे जाहीरपणे म्हटले, तेव्हा कुठे नोंद झाली. भारतात त्याच सुमारास कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स या आम्लांच्या सोडियम क्षारांवर काम करत होते. पुढे आपल्याकडच्या कडू कवठाचेच तेल कुष्ठरोगाच्या दवाखान्यांतून सर्रास टोचले जाऊ लागले.

ते लागू पडे का? याचे उत्तर मिळायला पन्नासएक वर्षे लागली, आणि त्याचे कारण रोगजंतूतच आहे. हॅन्सन यांनी १८७३ साली पाहिलेला कुष्ठरोगाचा जीवाणू आजपर्यंत कोणालाही बशीत वाढवता आलेला नाही. तेव्हा चकती ठेवून वर्तुळ पाहण्याची सोयच नव्हती. या जीवाणूचे एकाचे दोन व्हायला सुमारे बारा ते चौदा दिवस लागतात (आतड्यातल्या कोलाय जीवाणूला चांगल्या माध्यमात वीसएक मिनिटे पुरतात). रोग वर्षानुवर्षे चालतो, मध्येच चेततो, मध्येच शमतो, आणि काही प्रकारांत आपोआपही बरा होतो. अशा रोगात तेल टोचलेल्यांपैकी काही सुधारले, तर श्रेय कोणाला द्यायचे? तेल न टोचलेल्यांचा तुलनागट सहसा नसे. एक डॉक्टर तेलाची स्तुती करी, दुसरा ते निरुपयोगी ठरवी, आणि पुष्कळ 'बरे झालेल्यां'मध्ये रोग पुन्हा डोके वर काढी.

१९६० साली चार्ल्स शेपर्ड यांना हा जीवाणू उंदराच्या पावलात थोडाफार वाढवता आला. त्या पद्धतीने १९७० च्या दशकात चाचणी झाली तेव्हा चौलमुग्राच्या आम्लांनी उंदरांतल्या जीवाणूंची वाढ खरोखर रोखल्याचे दिसले. म्हणजे तेलात काही तथ्य होते. पण तोपर्यंत ते वापरातून गेलेही होते.

त्याला घालवले डॅप्सोनने. सल्फोन गटातील औषधांचा पहिला चांगला अनुभव अमेरिकेतील कारव्हिल येथे १९४१ साली आला. डॅप्सोनच्या गोळ्या स्वस्त होत्या आणि तोंडाने घेता येत. वर्ध्याला १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. डॉ. वारदेकर यांच्या मार्गदर्शनाखाली कार्यकर्ते गावोगाव फिरून तपासणी, लोकशिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री राबवू लागले. त्यातले उपचार म्हणजे डॅप्सोन. सुईच्या वेदनांतून हजारो रुग्णांची सुटका झाली.

पण एकच औषध वर्षानुवर्षे, अनेकदा खंड पडत घेतले गेले. डॅप्सोन जीवाणूच्या फोलेट बनवण्याच्या एका एन्झाइमवर नेम धरते, आणि नेमक्या त्याच जागी बदल झालेले जीवाणू तगून राहिले. डॅप्सोनला दाद न देणाऱ्या कुष्ठजंतूंचा पक्का पुरावा १९६४ साली मलेशियातून आला. तोही उंदरांच्या पावलांतूनच. तोडगा म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ साली रिफाम्पिसिन, क्लोफाझिमाइन आणि डॅप्सोन ही औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. त्यामागचे गणित सोपे आहे. समजा, एका औषधाला दाद न देणारा जीवाणू एक कोटीत एक असतो आणि दुसऱ्याला दाद न देणारा दहा लाखांत एक. दोघांनाही दाद न देणारा मग दहा लाख कोटींत एक! एकाच माणसात तो असण्याची शक्यता फारच थोडी.

कुष्ठरोग संपलेला नाही. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर त्याचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले, तरी २०२३ साली जगात नोंदलेल्या सुमारे १ लाख ८३ हजार नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातलेच होते. त्यांच्यावरचा उपचार म्हणजे बहुविध औषधांची पाकिटे. गावात कोणाच्या अंगावर बधिर, फिकट चट्टा दिसला, तर कडू कवठाचे तेल सुचवू नये. प्राथमिक आरोग्य केंद्राचा रस्ता दाखवावा. तिथे हा उपचार मोफत मिळतो.

न मारणारा मदतनीस

कडू कवठाच्या गोत्राची कहाणी इथे संपली असे वाटत असतानाच २००० साली एक निराळा दुवा पुढे आला. अमेरिकेत फ्रँक स्टर्मिट्झ, किम लुईस आणि त्यांचे सहकारी दारुहळदीच्या कुळातील एका झुडपाचा अभ्यास करत होते. या झुडपांत बर्बेरिन हे पिवळे जीवाणूनाशक द्रव्य असते. पण स्टॅफिलोकॉकस ते नॉरए पंपाने बाहेर फेकतो आणि सुखाने वाढत राहतो. मग झाडाने असले कुचकामी शस्त्र बाळगलेच कशाला? शोध घेता झुडपाच्या पानांत दुसरे एक द्रव्य मिळाले. ते एकटे दिले तर जीवाणूला काहीच करत नाही, मात्र त्याचा पंप बंद पाडते. पंप बंद झाला की बर्बेरिन आत साठते आणि जीवाणूची वाढ थांबते. या द्रव्याचे नाव मेथॉक्सिहिड्नोकार्पिन. नावातला 'हिड्नोकार्पिन' आपल्या ओळखीचा आहे. कडू कवठाचे शास्त्रीय कुळनाम हिड्नोकार्पस. हे द्रव्य चौलमुग्रा तेलाचा एक किरकोळ घटक म्हणून आधीच नोंदले गेले होते.

ही गोष्ट आम्हाला बशीतल्या कोणत्याही मोठ्या वर्तुळापेक्षा महत्त्वाची वाटते. हे द्रव्य एकटेच चकतीवर ठेवले असते, तर वर्तुळ पडलेच नसते आणि प्रकल्पाच्या वहीत 'परिणाम नाही' अशी नोंद झाली असती. जुनी प्रतिजैविके पंपामुळे निकामी होतात तिथे असा मदतनीस जोडीला देता येईल का, हा प्रश्न तेव्हापासून अनेक प्रयोगशाळांत हाताळला जात आहे. पंप बंद पाडणारी द्रव्ये सापडतात पुष्कळ, पण माणसाला अपाय न होणाऱ्या मात्रेत काम करणारी सापडणे कठीण. सर्पगंधेतले रेसर्पिन हेही नॉरए अडवते, मात्र त्यासाठी लागणारी मात्रा माणसाला सोसण्यापलीकडची आहे.

बशी पुन्हा पाहू

आता तक्त्यावरच्या 'प्रतिजैविकापेक्षा प्रभावी' या शब्दांकडे पाहू. विद्यार्थी चकतीवर साधारण दहा मायक्रोलिटर तेल टाकतो. त्याचे वजन होते सुमारे नऊ मिलिग्रॅम, म्हणजे ९,००० मायक्रोग्रॅम. शेजारच्या टेट्रासायक्लिनच्या तयार चकतीत औषध असते ३० मायक्रोग्रॅम. एका बाजूला तीनशेपट माल ठेवून वर्तुळे सारखी आली, तर तेल आणि औषध तुल्यबळ म्हणायचे का? हा भागाकार विद्यार्थ्याकडूनच करवून घ्यावा.

शिवाय अगारमध्ये बहुतांश पाणीच असते. त्यात तेल नीट पसरत नाही. स्थिर तेलाचे वर्तुळ लहान आले म्हणून ते निष्प्रभ ठरत नाही, आणि उडणारे तेल बशीच्या झाकणाखालच्या हवेतून पसरून शेजारच्या चकतीचाही निकाल बिघडवू शकते. तेल अल्कोहोलमध्ये विरघळवले असेल, तर नुसत्या अल्कोहोलची चकतीही हवीच. ती नसेल तर जीवाणू कोणी थोपवले हे सांगता येत नाही.

शाळेत जीवाणूंच्या बशा करण्याबाबत आमचे मत स्पष्ट आहे. घसा, जखम किंवा गटार यांतून घेतलेला नमुना शाळेत वाढवू नये, आणि दवाखान्यातून औषधरोधी जीवाणू मागून तर मुळीच आणू नयेत. ते काम जवळच्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात, तिथल्या शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावे. शाळेपुरते विरजण पुरते. एकाच भांड्यातले कोमट दूध चार वाट्यांत सारखे घ्यावे आणि प्रत्येकात सारखेच विरजण घालावे. पहिल्या वाटीत आणखी काही नको, दुसरीत मोजून चमचाभर ताजा कुटलेला ओवा, तिसरीत तेवढाच तीळकूट आणि चौथीत उन्हात पसरून वास उडवलेला जुना ओवा. दर तासाला लिटमसने आम्लता आणि वाटी तिरकी करून घट्टपणा पाहावा, आणि कोणत्या वाटीत काय आहे हे निरीक्षण करणाऱ्या मुलांना सांगू नये. वाट्यांवर फक्त आकडे असावेत. तिसरी आणि चौथी वाटी कशासाठी ठेवली आहे, हे मुलांनी शेवटी स्वतःच्या शब्दांत लिहावे.